ट्रॉलीची पिन आणि शेजाऱ्याचा जीव

(संस्थेच्या सहाय्यक सभासदांच्या व मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या मेळाव्यात, ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहातल्या मुलांविषयी, आरोग्य शिबिरांविषयी, शिवणवर्गाविषयी बोलते. या वर्षी मी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. धर्मशास्त्राची पदविका घेताना आम्हाला इब्री लोकांचे सण शिकवले, पौलाचे प्रवास शिकवले. ट्रॉलीची पिन कशी असावी हे कोणी शिकवले नाही. ते मला एका मुलीच्या मोडलेल्या हाताने शिकवले. आज तीच साक्ष मी तुमच्यापुढे देणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळचा मेळावा होता. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वस्तीवरून आंध समाजाची तीसेक माणसे आणायची होती. जीप दोनदा करावी लागली असती, पैसे कमी होते. म्हणून मी एका ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली ठरवली. स्वस्तात पडली याचा आनंदही झाला. माणसे पुढे बसली, आणि तांदळाची पोती, मोठी पातेली, मंडपाचे बांबू हे सगळे मागे फाळक्याजवळ टाकले. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची पिन हरवली होती. चालकाने तिच्या जागी स्लॅबच्या सळईचा एक तुकडा घातला. मी तिथेच उभी होते. मी तो तुकडा पाहिला आणि काही बोलले नाही.

नाला ओलांडून चढ लागला. सळई खालून कशानेच अडवलेली नव्हती. मागच्या वजनाने ट्रॉलीची दांडी वर उचलू पाहत होती, रस्त्याचे धक्के बसत होते. चढाच्या मध्यावर सळई वर सरकून निघाली. ट्रॉली सुटली, मागे कलली, सगळी माणसे आणि पोती फाळक्यावर आली. देवाची कृपा की मागचा भाग जमिनीत रुतला आणि ट्रॉली थांबली. सातवीतल्या एका मुलीचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटले, मुका मार लागला.

दवाखान्यातून परत आल्यावर मी वस्तीवर प्रार्थना घेतली. देवाने आपल्याला वाचवले, असे मी म्हणाले. प्रार्थना झाल्यावर त्या मुलीचा आजा माझ्याजवळ आला. रागावला नव्हता. शांतपणे म्हणाला, "बाई, देवानं वाचवलं ते खरं. पण ती सळई कोणी लावली होती?"

मला उत्तर देता आले नाही. सळई चालकाने लावली होती. पण ट्रॅक्टर मी ठरवला होता, माणसे मी बसवली होती आणि पाहूनही गप्प मी राहिले होते. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. गॅरेजमधल्या मिस्त्रींकडे बसले, जुन्या चालकांना विचारले. जे समजले ते साध्या भाषेत सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, आणि ज्यांच्या घरी नाही ते या कामासाठी दान देतात. दोघांचाही याच्याशी संबंध आहे.

पहिली गोष्ट. आपण ट्रॅक्टर घेताना विचारतो, "किती ओढतो?" हा प्रश्न अर्धाच आहे. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे हलवू शकतो. आपल्या भागात कारखान्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत मिळून १५-२० टन ऊस हे रोजचे दृश्य आहे. इंजिन ते ओढते. पण थांबवायचे कोणी? आपल्याकडच्या बहुतेक शेती-ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळे ओझे थांबवायचे काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर येते. ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन टनांचा असतो. उतारावर १५ टन मागून ढकलू लागले की दोन टन काय करणार? ट्रॉली त्याला पुढे रेटते, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि उलटतो. वेग दुप्पट झाला तर थांबवायची शक्ती चौपट लागते, हेही लक्षात ठेवा.

मग ओझे किती असावे? अमेरिकेत शेतीतल्या सुरक्षेच्या प्रशिक्षणात एक ढोबळ नियम शिकवतात: मागच्या गाडीला ब्रेक नसतील तर ती मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावी, आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा. आपल्या महिला बचत गटाच्या ट्रॅक्टरला हा हिशोब लावून पाहू. तो ३५ अश्वशक्तीचा, वजन पावणेदोन टनांच्या घरात. दीडपट म्हणजे अडीच टनांहून थोडे जास्त. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचे एक टन वजा करा. उरला साधारण दीड टन माल. ५० किलोची ३० पोती! विटा म्हणाल तर एक वीट सुमारे तीन किलोची, म्हणजे पाचशे विटा. वाळू तर एक ब्रासच चार टनांच्या वर जाते, ओली असेल तर आणखी.

तुम्ही म्हणाल, ताई, ३० पोत्यांवर कोणाचे पोट भरते? बरोबर आहे. वसमतच्या बाजारात हळद घेऊन जाणारा शेतकरी ३० पोत्यांसाठी डिझेल जाळणार नाही. मीही तुम्हाला हा आकडा फूटपट्टीसारखा लावा असे सांगत नाही. पण ३० पोत्यांच्या वर चढणारे प्रत्येक पोते कशाच्या भरवशावर चढवतो, हे तरी माहीत असावे. ट्रॉलीला ब्रेक असतील, रस्ता सपाट असेल, वेग कमी असेल, ट्रॅक्टर जड असेल, तर ओझे वाढवता येते. यातले काहीच नसताना वाढवले, तर तो भरवसा दुसऱ्याच्या जिवावर ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट ओझे कुठे ठेवता याची. हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. बैलगाडी भरताना म्हातारी माणसे ओरडायची, "गाडी उलार होईल, पुढं सरका!" मागे वजन जास्त झाले की गाडी उलार होते, जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाले तर धुरजड होते, बैलांच्या मानेवर सगळा भार येतो. दोन चाकी ट्रॉलीचे अगदी हेच आहे. मागे भरली तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, पिनेवर उलटा जोर येतो. आमच्या नाताळच्या ट्रॉलीचे हेच झाले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या कोणत्याही गाडीवानाने ते पाहताच सांगितले असते. फार पुढे भरली तर हुकावर भार येतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून जड माल चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे, खाली जड आणि वर हलके. चार चाकी ट्रॉली आपला भार आपण उचलते, हुकावर दाबत नाही. म्हणून ती सोयीची वाटते आणि माणूस तिच्यात दुप्पट भरतो. पण थांबवताना तीच जास्त जोराने ढकलते.

तिसरी गोष्ट जोडणीची. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडायची. चिखलात रुतली म्हणून कोणी साखळी वर, आसापेक्षा उंच जागी बांधतो आणि जोर लावतो. तेव्हा पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे पालथा होतो. त्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पिन त्या भोकाच्या मापाची, पोलादी आणि खाली चिमट्याने अडवलेली हवी. सळई नको, नटबोल्ट नको. आणि सोबत एक साखळी हवी, जी पिन निघाली तरी ट्रॉलीला धरून ठेवील. या पिन-चिमट्याला आणि साखळीला ट्रॅक्टरच्या किमतीच्या मानाने नाममात्र पैसे लागतात. तेवढे पैसे त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होते.

आता वचनाकडे येऊ. अनुवादाचा २२ वा अध्याय आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. तो सगळा रस्त्यावरचा आणि शेतातला आहे. भावाचे हरवलेले जनावर परत नेऊन द्या. वाटेत त्याचे गाढव पडलेले दिसले तर त्याला उठवायला हात लावा, असे तिथे सांगितले आहे. आठव्या वचनात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आणि दहाव्या वचनात बैल आणि गाढव एका जुवाला जुंपून नांगरायला मनाई आहे. जुने भाष्यकार त्याचे एक कारण दयेचे देतात: दोघांची ताकद सारखी नाही, दुबळ्याला बळकटाबरोबर फरफटावे लागते.

मला यातला कठडा फार शिकवतो. कठडा नसलेल्या धाब्यावरून रोज कोणी पडत नाही. वर्षानुवर्षे काही होत नाही. तरी देव घरमालकाला म्हणतो, पडण्याआधी बांध. पडल्यावर "त्याची वेळ भरली होती" असे म्हणायला तो आपल्याला जागा ठेवत नाही. आपण अपघाताला देवाची इच्छा म्हणतो, पण पिनेच्या बाबतीत देवाची इच्छा काय आहे ते त्याने आधीच सांगून ठेवले आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही बैलाचा विचार केला आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. बैल लहान की मोठा, गाडीची चाके कोणत्या प्रकारची, यावरून किती वजन लादायचे हे त्यांत ठरवून दिले आहे. ट्रॉलीचेही भरून किती वजन चालते ते नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी तो नोंदणीचा कागद उघडून पाहिला आहे? बैलाच्या मानेवर वळ उठतो, तो दिसतो. ट्रॅक्टरच्या मानेवर वळ उठत नाही.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ट्रॉलीतली माणसे.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या महिला मजूर शेतातल्या कामासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात जणी गेल्या. ओझे जास्त झाले म्हणून हे घडले असे मी म्हणत नाही. त्या अपघाताचे कारण सांगणे माझे काम नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की ट्रॉली माणसांसाठी बनवलेली नसते. तिच्यात धरायला काही नसते, बसायला जागा नसते, आणि ती पडली तर आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट नसते. तिची नोंदणी मालासाठी असते. अपघातानंतर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते. म्हणजे बाई जिवंत असताना तिला पोत्यासारखे नेले, आणि गेल्यावर तिच्या लेकरांना सांगितले की पोत्याच्या जागी माणूस का होता?

आणि या बाया ट्रॉलीत हौसेने बसत नाहीत. शेत लांब असते, एसटी त्या वेळेला नसते, मालक ट्रॉली पाठवतो; नाही बसलो तर उद्या बोलावणार नाही ही भीती असते. आता काही दिवसांत आपल्या वस्त्यांवरून ऊसतोडीला कुटुंबे निघतील. मुकादमाची उचल घेतलेली असते. संसार, शेळ्या, तान्ही मुले, म्हातारी आई, सगळे ट्रॉलीत. रात्रीचा प्रवास, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ओझे किती आणि ट्रॅक्टर कोणता हे ठरवणारा माणूस त्या ट्रॉलीत बसलेला नसतो. शास्त्री-परूशी लोकांवर जड ओझी लादतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, असे प्रभू मत्तयाच्या २३ व्या अध्यायात म्हणतो. ते वाचताना मला पूर्वी दुसरेच लोक आठवायचे. नाताळच्या त्या दिवसानंतर मला मीच आठवते. मी जीपमधून पुढे गेले होते.

म्हणून आपल्या संस्थेने एक ठरवले आहे, आणि ते मी तुमच्यासमोर सांगते, म्हणजे आम्ही चुकलो तर तुम्ही विचारू शकाल. आपल्या कोणत्याही कार्यक्रमाला, नाताळ असो, शिबिर असो वा लग्न असो, माणसे ट्रॉलीतून आणली जाणार नाहीत. जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर दोनदा करावा लागला तर दोनदा करू. तेवढे पैसे नसतील तर माणसे कमी बोलावू, नाहीतर आम्हीच वस्तीवर जाऊन नाताळ करू. गेल्या वर्षी तसेच केले. खरे सांगते, त्या वस्तीवर इतका चांगला नाताळ पूर्वी झाला नव्हता.

आता तुमच्याकडे मागणे. एका सहाय्यक कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या बचत गटाला मोठी चार चाकी ट्रॉली देऊ केली होती. त्यांचे मन मोठे आहे. पण गटाचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा; ती ट्रॉली भरली की तिला थांबवणे त्याच्या आवाक्याबाहेर. मी संकोचत त्यांना सगळा हिशोब सांगितला. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "मग लहान द्या, पण ब्रेकवाली द्या. नावाची पाटी लहान झाली तरी चालेल." अशीच देणगी मी तुम्हा सर्वांकडे मागते. पाटी दिसणार नाही अशी देणगी: पोलादी पिना आणि चिमटे, साखळ्या, मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर पट्ट्या, चालकांच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाचा खर्च. हंगामाला निघणाऱ्या ट्रॉल्यांना या वस्तू वस्तीवर जाऊन लावायच्या आहेत. पुढच्या अंकात किती ट्रॉल्यांना लावल्या याचा हिशोब छापू.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी निघण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात.

१. पिन मापाची आहे का, खाली चिमटा आहे का, सोबत साखळी आहे का.

२. पोती मोजून वजनाचा अंदाज घेतला का, आणि माल आसावर आहे का; मागे नाही ना.

३. ट्रॅक्टरचे डावे-उजवे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडले आहेत का. शेतात वळण्यासाठी ते वेगळे करतात आणि रस्त्यावर तसेच विसरतात; मग एकच चाक थांबते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवते.

४. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकला का. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल कधीही नाही.

५. ट्रॉलीत आणि दांडीवर कोणी बसलेले नाही ना. चालकाच्या शेजारी मडगार्डवरही नाही.

त्या मुलीचा हात आता बरा आहे. यंदा ती दहावीला आहे. परवा मी वस्तीवर गेले तेव्हा एक ट्रॅक्टर ट्रॉली जोडून उभा होता. तिने खाली वाकून पिन पाहिली, चिमटा ओढून पाहिला आणि चालकाला म्हणाली, "काका, साखळी राहिली." काका हसले, पण उतरून साखळी लावली.

तिने ते लहान वयात, दुखणे सोसून शिकले. आपण तिच्याकडून न दुखता शिकूया. या हंगामात जे रस्त्यावर असतील, त्यांचे चालक, त्यांची बैले, त्यांची लेकरे, या सर्वांसाठी आपण प्रार्थना करू. आणि प्रार्थनेवरून उठल्यावर आपल्या दारातल्या ट्रॉलीची पिन पाहू. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.